हातात द्यायचं जेवण

धायरीतल्या त्या तळमजल्याच्या फ्लॅटला सेफ्टी डोअर मीच बसवलं. आमच्या वर्कशॉपमध्ये ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे अशी कामं होतात. मालक म्हणाला, "परदेशी बाई राहायला आलीय तिथे. डोकं भादरलेलं आहे. घाबरू नकोस, साध्वी आहे."

मी घाबरतोच. तो माझा स्वभाव आहे. फोन वाजला की गावाकडे कोणीतरी गेलं असं वाटतं, मालकाने हाक मारली की काम सुटलं असं वाटतं. कधीकधी रस्त्याने चालताना काही कारण नसताना छातीत पाखरू अडकल्यासारखी फडफड सुरू होते आणि कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसून राहावं लागतं. डॉक्टरने कार्डिओग्राम काढला आणि सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, उगाच चिंता करू नका. उगाच नसलेली चिंता कशी असते ते मात्र त्याने सांगितलं नाही.

मी भंडारा जिल्ह्यातला, धानाच्या बांध्यांमधला. आठवीत वडील गेले आणि शाळा सुटली. आधी नागपूर, मग पुणे. वेल्डिंग इथेच शिकलो. इथल्या लोकांचं मराठी पुस्तकासारखं, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी फार बोललोच नाही. "का रे"ला आमच्याकडे "काऊन बा?" म्हणतात, ते तोंडून निघालं की समोरचा माणूस हसायचा. वाईट हसायचा नाही, पण हसायचा.

तर त्या दिवशी मी भिंतीला ड्रिल लावलं होतं, आणि आतून एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. पांढरे केस, इस्त्रीची साडी, चष्मा साखळीला.

"अहो, तुमचा हा राक्षस जरा वेळ झोपवा. आत माणसं डोळे मिटून बसलीत. त्यांना वाटेल दाढ काढतायत."

मी मशीन बंद केलं.

"आणि उन्हात काय उभे राहता? आत या. बसायला काही डिग्री लागत नाही."

या बाई म्हणजे आमच्या बाई. पेठेत राहतात, शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. पुढे त्यांनी मला अहो सोडून अरे म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मला पुण्यात एक नातं मिळाल्यासारखं झालं.

आत दहा-बारा माणसं चटईवर बसली होती. समोर विटकरी चीवर नेसलेली भिक्षुणी. वय पन्नाशीच्या पुढे, चेहरा सावळा, आमच्या गावाकडच्या बाया असतात तसाच. तिने काशाच्या वाटीवर लाकडी दांडा टेकवला. तो नाद बराच वेळ खोलीत राहिला. ती इंग्रजीत थोडंसं बोलली आणि बाईंनी मराठीत सांगितलं, "श्वास आत येतोय, येऊ द्या. बाहेर जातोय, जाऊ द्या. एवढंच काम आहे."

इतकं सोपं काम मला आजवर कोणी दिलं नव्हतं. मी बसलो आणि बसल्या बसल्या फडफड सुरू झाली. मला उठून पळायचं होतं, पण दाराशी सगळ्यांच्या चपला, माझं ड्रिल, वायर. पळायचं म्हणजे अडखळून पडायचं. म्हणून बसून राहिलो. फडफड वाढली, शिगेला पोचली, आणि मग तिची तीच उतरली. मी काही केलं नव्हतं. पहिल्यांदाच ती माझ्या पळण्याशिवाय गेली.

निघताना बाई म्हणाल्या, "आणि त्या दाराला रविवारच्या चहाच्या दुधासाठी एक हूक लावा. चांगला जाड. नाहीतर दूधवाला पिशवी खाली टाकतो आणि आपल्या आधी मांजर चहा घेतं."

मी दहा एमएमची सळई वाकवून हूक केला आणि दाराला बाहेरून पक्का वेल्ड केला. वीस किलो लटकवलं तरी हलणार नाही असा. त्याच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो, या वेळी ड्रिल न घेता.

त्या भिक्षुणीला आम्ही आर्याजी म्हणायचो. श्रीलंकेची. तिच्या गुरूंनी, म्हणजे तिकडच्या एका वयोवृद्ध भिक्षुणीने, तिला आणि तिच्या एका सोबतिणीला इथे पाठवलं होतं. नव्या देशात एक मंडळ उभं करा, लोकांना बसायला शिकवा. आर्याजी हसून म्हणायची की बुद्ध जिथला, तिथेच आम्ही पाहुण्या. तिच्या गावात विहार आहे आणि विहाराभोवती गाव आहे. कोणाच्या घरून कधी जेवण जायचं हे पोरांनाही ठाऊक. इथे विहारही नाही आणि ते गावही नाही. होता तो वारज्याला राहणाऱ्या एका आयटीवाल्या साहेबांचा रिकामा फ्लॅट. गुंतवणूक म्हणून घेतलेला, तो त्यांनी वापरायला दिला. त्यांना मी सर म्हटलं की ते म्हणायचे, "सर नको रे, ऑफिसमध्ये बास होतं ते."

सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्याच महिन्यात विचारपूस करायला आले होते. मी तेव्हा दाराच्या बिजागरीला तेल घालत होतो.

"आमचं काही म्हणणं नाही हो," ते साहेबांना म्हणाले. "फक्त एवढंच, हे बुद्धाचं म्हणजे... आपल्याकडचं की बाहेरचं?"

साहेब घाईघाईने म्हणाले, "बाहेरचं, बाहेरचं. श्रीलंका."

"हां, मग हरकत नाही."

बाई तिथेच होत्या. "का हो, आपल्याकडचं असतं तर हरकत होती का?" त्यांनी विचारलं. सेक्रेटरी हसले आणि पार्किंगकडे बघायला लागले.

मला आमच्या गावातला नाल्यापलीकडचा विहार आठवला. पंचरंगी झेंडा लांबून दिसायचा. तिथे जाऊ नकोस असं मला कोणी म्हटलं नव्हतं, आणि जा असंही कोणी म्हटलं नव्हतं. नाला गुडघाभर पाण्याचा. तो न ओलांडता मी गाडीत बसून महाराष्ट्र ओलांडला आणि इथे धायरीत येऊन बुद्धासमोर बसलो.

आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "धरम तं नाही बदलवला ना बा तुनं?"

"नाही वो माय. नुसता श्वास घेतो."

"तो तं तू इथं बी घेत होता."

आर्याजीचे नियम बरेच होते, पण आम्हाला सांभाळायचा होता तो जेवणाचा. तिने स्वयंपाक करायचा नाही, विकत आणायचं नाही, उद्यासाठी ठेवायचं नाही. कोणीतरी आणून तिच्या हातात द्यायचं, तेच आणि तेवढंच खायचं, ते दुपारी बाराच्या आत. समोर ठेवलेलं चालत नाही. हातातून हातात. आणि तिने मागायचंही नाही.

आणखी एक गंमत होती. तिला आपण विचारलं, "उद्या जेवण आणू का?" तर ती काही बोलायची नाही. त्यांच्याकडे भिक्षूने आमंत्रण गप्प राहून घ्यायचं असतं. नको असेल तरच बोलायचं. हे समजेपर्यंत बाईंचा जीव मेटाकुटीला आला. पेठेतल्या रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, आर्याजी शांतपणे बघत राहिली, बाईंनी पुन्हा विचारलं, आर्याजी पुन्हा शांत. "अहो, हो की नाही, काहीतरी म्हणा की! आमच्याकडे गप्प बसलं की चहासुद्धा मिळत नाही!" आर्याजीला हसू आवरेना. तिनेच मग समजावून सांगितलं.

वार वाटून घेतले गेले. गुरुवार कोणी घेत नव्हतं. निम्म्या घरांना गुरुवारचा उपास. आमच्या वर्कशॉपला गुरुवारी लाईट नसते म्हणून सुट्टी असते. मी म्हटलं, गुरुवार माझा. म्हटलं आणि लगेच घाम फुटला, कारण मी खोलीवर एकटा राहणारा माणूस, मला येतो तो वरण, भात आणि वांग्याची भाजी. पण पहिल्या गुरुवारी मी भात तिच्या हातात दिला, तिने डब्याचं झाकण काढलं आणि डोळे मिटून वास घेतला. आमचा गावचा तांदूळ, आई पोत्याने पाठवते. बाकीच्यांकडून पोळ्या यायच्या आणि भाताची एक मूद, वर लिंबाची फोड. ती भातावर वाढलेली बाई. माझा डबा ती शेवटच्या शितापर्यंत संपवायची.

बाई मला म्हणायच्या, "तू तिला लाडावून ठेवतोयस. आमच्याकडे भात म्हणजे मूद आणि तुझ्याकडे भात म्हणजे सिंहगड."

त्या काळात मी बरा होतो. वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर केली की एक श्वास घ्यायचा, मग पुढचा टाका. असं तिनेच सांगितलं होतं. घाबरणं गेलं नाही, पण ते येणार म्हणून घाबरणं कमी झालं. माझ्यासारख्याला हे फार होतं. तिचे उपकार कसे फेडायचे हे कळत नव्हतं, म्हणून मी दर गुरुवारी तांदूळ जरा जास्तच धुवायचो.

पावसाळा संपता संपता तिची सोबतीण आजारी पडली आणि मायदेशी परत गेली. आर्याजी एकटी राहिली. दिवाळीच्या आठवड्यात ती मौनात बसणार होती. फोन बंद, रविवारची बैठक नाही, फक्त जेवण द्यायला माणूस येईल तेवढाच. मला दोन वर्षांनी पहिल्यांदा दिवाळीत गावी जायला मिळत होतं. मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "मी गावी जात आहे. माझा गुरुवार कोणीतरी घ्यावा ही विनंती." खाली एक अंगठा आला. मग दुसरा. मग आणखी दोन-चार. मी निश्चिंत होऊन गाडीत बसलो. म्हणजे जितका होऊ शकतो तितका.

गावावरून निघताना आईने चिवड्याची पिशवी दिली. "तुह्या त्या बाईले दे. टक्कल असलं तरी भूक तं लागतेच ना तिले."

पुण्यात उतरून, खोलीवर अंघोळ करून मी धायरीला निघालो तोवर एक वाजून गेला होता. दुपारी एक ते चार बेल वाजवायची नाही हे मी पुण्यात शिकलो होतो. त्यात ती मौनात. म्हटलं, पिशवी हुकाला अडकवू आणि मुकाट्याने निघून जाऊ.

हुकाला जागा नव्हती.

एका मिठाईवाल्याची चकचकीत पिशवी होती. लग्नात वाटतात तसली एक कापडी पिशवी. एका पिशवीत दिवाळीचा डबा आणि त्याला रबराने लावलेली चिठ्ठी, बाईंच्या गोल अक्षरात: "शांतपणे घ्यावे. डबा रिकामा झाल्यावर धुऊन परत करावा." त्याच्या खाली आणखी दोन पिशव्या. सगळ्यात खालच्या पिशवीतून मुंग्यांची रांग निघून फरशीवरून भिंतीकडे चालली होती. मुंग्या जुन्या झाल्या होत्या, म्हणजे त्यांचा रस्ता पक्का झाला होता.

मी हातात चिवडा घेऊन उभा राहिलो. आधी वाटलं, ती खातच नसेल, उपास असेल. मग वाटलं, ती गावाला गेली असेल. मग एकदम कळलं. प्रत्येकजण आला होता. प्रत्येकाने मौन मोडायला नको म्हणून पाय न वाजवता पिशवी अडकवली होती, आधीच्या पिशव्या बघून म्हटलं असेल की चला, बरंच येतंय, जेवण कोणीतरी हातात देतच असेल. आणि दाराच्या आत ती, जिला हातात दिल्याशिवाय घेता येत नाही आणि मागता येत नाही.

मी बेल वाजवली. वेळ लागला. चप्पल सरकल्याचा आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा आला.

दार उघडलं. ती भिंतीला धरून उभी होती. हसली. थोडं हिंदी तिला यायचं. "तुम आया. माँ ठीक?"

मी पिशव्यांकडे बोट दाखवलं.

"हाँ," ती म्हणाली. "किसी ने दिया नहीं." तक्रार नव्हती त्यात. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं म्हणाली. मौन तिनेच मोडलं होतं, माझं तोंड बघून.

मी आत गेलो. ओट्यावर पाण्याचा माठ आणि मधाची बाटली. मध औषध म्हणून आधी कोणीतरी दिला होता, तो तिला चालायचा. बाटली तळाला गेली होती. मी पिशव्या काढून आणल्या, डबा उघडला, दोन्ही हातांनी पुढे धरला. म्हटलं, खा आर्याजी, आता खा, कोण बघतंय. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. "अब नहीं. कल."

हातातला डबा सुटून ओट्यावर आपटला, करंज्या खाली सांडल्या. छातीतली फडफड अशी सुरू झाली की मला वाटलं मी इथेच पडतो. आणि ती, दोन-तीन दिवसांची उपाशी, भिंत धरून चालणारी, मला म्हणाली, "बैठो."

मी बसलो. तीही समोर बसली. तिने वाटी वाजवली नाही, तेवढा हात उचलायची ताकद नसावी. नुसती बसली. मला राग येत होता तिचा. कसला हा नियम, कोणासाठी? मी आत श्वास घेतला, बाहेर सोडला आणि रडलो.

मग आठवलं की गाळलेला रस तिला दुपारनंतर चालतो. मी चौकात धावलो, उसाचा रस घेतला, परत येऊन तिथल्याच एका पांढऱ्या फडक्याने पुन्हा गाळला आणि पेला तिच्या हातात दिला. तिने हळूहळू घोट घेतले. पेला अर्धा झाल्यावर तिच्या ओठांना रंग आला.

मी बाईंना फोन लावला.

"आलास का गावाहून? फराळ आवडला का तिला? डबा रिकामा झाला का?"

"बाई, डबा दारालाच होता."

बाईंनी फोन ठेवला.

त्या रिक्षाने आल्या. रिक्षावाल्याशी न भांडता आत आल्या, चप्पल काढायची विसरल्या, मग दारातून परत जाऊन काढून आल्या. डब्याची चिठ्ठी त्यांनी रबरासकट काढली आणि मुठीत धरली. आर्याजीने त्यांचा हात हातात घेतला तरी ती मूठ उघडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच त्या मऊ भात आणि तूप घेऊन दारात होत्या.

रविवारी सगळे जमले. तशी बैठक मी पुन्हा बघू नये.

"मला वाटलं तुम्ही देताय," साहेब एकाला म्हणाले. "तुम्ही थम्स-अप दिला होता ना?"

"ते मी वाचलं म्हणून दिला होता."

"वाचलं म्हणून अंगठा?" बाई म्हणाल्या. "आमच्या वेळी न वाचता येणारे द्यायचे." कोणी हसलं नाही. बाईंनाही हसायचं नव्हतं. "आणि मी काय वेगळी? मी तर चिठ्ठी लावून आले. शांतपणे घ्यावे म्हणे."

साहेब म्हणाले, यावर उपाय आहे. एक फ्रिज घेऊ. एक स्वयंपाकाची बाई ठेवू, पगार मी देतो. रोज अकरा वाजता ती हातात देईल, विषय संपला. त्यांचं मन चांगलं होतं, आणि ते आतून हादरले होते हे मला दिसत होतं. ते बोलताना एकदाही आर्याजीकडे बघत नव्हते.

आर्याजीने बरंच ऐकून घेतलं. मग ती हळू आवाजात इंग्रजीत बोलली आणि बाई सांगत गेल्या.

"ती म्हणते, पगारी माणूस ठेवलात तर मी इथे भाडेकरू होईन. मग तुम्हाला माझी गरज नाही आणि मला तुमची नाही. ती म्हणते, भुकेचं मला काही नाही, भूक मी आधी पाहिली आहे. पण इतके लोक दारापर्यंत आले आणि एकही आत आला नाही, याचा मी विचार करतेय." बाई थांबल्या. चष्मा काढून पुसला. "तिच्या गुरूंनी विचारलंय, पुढचा वर्षावास कुठे करणार." वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने. तेव्हा भिक्षूंनी एकाच जागी राहायचं असतं, आणि तेही तिथल्या लोकांनी बोलावलं तर. "माघ पौर्णिमेपर्यंत कळवायचंय. त्यांच्यात जुना नियम आहे की जिथे भिक्षा..."

पुढचं वाक्य बाईंनी सांगितलंच नाही. पण त्यांनी जिथे तोडलं तिथून मला समजलं.

त्यानंतर लोक यायचे कमी झाले. कोणी भांडून गेलं नाही. एकजण मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "खरं सांगू का, तिच्या समोर बसवत नाही आता." रविवारी चटया जास्त आणि माणसं कमी. रिकाम्या चटया बाईच गुंडाळून ठेवायच्या, नवा माणूस आला तर त्याला कळू नये म्हणून. साहेब त्यांचा वार पाळायचे, पण डबा हातात देऊन लगेच निघायचे, मीटिंग आहे म्हणून.

आणि माझं पुन्हा पहिल्यासारखं झालं. रोज अकरा वाजायला आले की वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवायचा आणि फोन बघायचा. आज कोणाचा वार, गेलं का कोणी, हातात दिलं का. मालक ओरडायचा. ग्रुपवर "दिलं का?" असं लिहायचो, पुसायचो, पुन्हा लिहायचो. एकदा चुकून गेलंच. बाईंचं उत्तर लगेच आलं, "तू काय अलार्म आहेस का रे?" आणि थोड्या वेळाने, "दिलं. पालकाची भाजी. खाल्ली तिने."

मला माझाच विचार येत होता हेही खरं. ती गेली तर मी कुठे बसणार? खोलीवर भिंतीकडे तोंड करून बसून पाहिलं होतं, पण एकट्याने बसलं की फडफड बसू देत नाही. ती समोर असली की ती फडफडही जरा ओशाळते. आणि मग वाटायचं, ज्या गावात ती उपाशी राहिली त्याच गावात तिने राहावं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

माघ पौर्णिमेच्या आधीचा गुरुवार आला. मी सकाळी भात लावला आणि पिशवीत डब्याबरोबर लोखंड कापायचा हॅक्सॉ टाकला. फ्लॅटवर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. लाईट नव्हती, तेव्हा ग्राइंडर चाललाच नसता, आणि मला तो आवाज करायचाही नव्हता. मी दाराबाहेर उकिडवा बसलो आणि हूक कापायला लागलो.

दहा एमएमची सळई, माझंच वेल्डिंग. पातं मध्येच अडकायचं. अर्धा कापून होतोय तोवर बाई आल्या. त्या आता जवळपास रोजच यायच्या.

"अरे, हे काय करतोयस? दूधवाला कुठे अडकवणार?"

"बेल वाजवेल तो."

"भल्या पहाटे?"

"वाजवू द्या."

पदर खोचून बाईंनी हुकाचं टोक धरलं, दार हलू नये म्हणून. आर्याजी आतून बघत होती. हूक खाली पडला तेव्हा फरशीवर टणकन वाजला, जवळजवळ तिच्या वाटीसारखा. दारावर लोखंडाचं बोटाच्या जाडीचं एक चमकतं वर्तुळ राहिलं. रंग मारायला डबी आणली होती, पण तसंच ठेवलं.

मग हात धुतले. आत जाऊन दोन्ही हातांनी डबा तिच्या हातात दिला. आणि तिथेच उभा राहिलो, जायला पाहिजे होतं तरी. मी मराठीतच बोललो, कारण दुसरं काही सुचेना.

"आर्याजी, येता पावसाळा इथेच करा. मला बाकीच्यांचं माहीत नाही. कोण येईल, कोण नाही, ते मला सांगता येत नाही. गुरुवार माझा आहे. आणि ज्या वारी कोणी नसेल तोही माझा. मी बेल वाजवीन."

बाई इंग्रजीत सांगायला लागल्या, तिने हात किंचित वर करून त्यांना थांबवलं. तिला समजलं होतं, किंवा तिला समजायचं होतं तेवढं समजलं होतं.

ती काही बोलली नाही. डबा तिच्या हातात, झाकणातून वाफ येत होती. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या छातीत पाखरू जोरात फडफडायला लागलं. नाही म्हणायचं असेल तर ती बोलेल. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. ते हलू नयेत म्हणून मी श्वास धरून ठेवला होता, तिनेच शिकवलेलं सगळं विसरून.

शेजारून बाईंनी तोंड उघडलं. "अहो, हो की नाही, काहीतरी..." आणि मध्येच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

आर्याजीने खाली बघून डब्याचं झाकण काढलं.